दुसऱ्या खेपेला ‘श्रीमंत’ नसतं

बडोद्याला मी परदेश म्हणते तेव्हा साताऱ्याकडची मंडळी हसतात. पुण्यातून रात्रीची गाडी पकडायची, उजाडायच्या सुमाराला बडोदं. ना पासपोर्ट ना व्हिसा, कसला डोंबलाचा परदेश! बरोबर आहे. पण परवा मी वाण्याकडे अळीव मागितले तर तो कोऱ्या चेहऱ्याने ‘शुं?’ म्हणाला. मी चिमटीत धरून दाखवलं, एवढे एवढे असतात, लालसर, भिजवले की बुळबुळीत होतात, बाळंतिणीला देतात. शेवटी मोबाइलवर फोटो काढून दाखवला तेव्हा ‘अरे बेन, असेळियो कहो ने!’ म्हणत त्याने मागची बरणी पुढे ओढली. ज्या गावात अळीव घ्यायला फोटो लागतो ते माझ्यापुरतं परदेशच.

सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या सासरची माणसं गायकवाडांच्या चाकरीत इथे आली आणि पिढ्यान् पिढ्या दांडिया बाजारात राहिली. “आम्ही कुठे गेलोच नाही गं,” त्या म्हणतात, “राज्यंच बदलत गेली.” 1949 पर्यंत बडोदं संस्थान, मग मुंबई राज्य, 1 मे 1960 पासून गुजरात, आणि देव्हारा आपला त्याच कोनाड्यात. त्यांचं मराठी ऐकण्यासारखं आहे. ‘आत्ता येते’च्या ऐवजी ‘हमणा येते’ म्हणतात आणि आपण शुद्ध मराठी बोलतोय याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते.

आता आम्ही समा भागात राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, 36 पायऱ्या. घरात मी, मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारा नवरा, सासूबाई आणि त्यांचे दुखरे गुडघे, सव्वादोन वर्षांचे चिरंजीव, आणि पोटात तिसावा आठवडा.

पहिल्या वेळी मी इथे नवीन होते. सहावा सरत आला होता. वरच्या मजल्यावरच्या बांनी, म्हणजे आजींनी, जिन्यात गाठून विचारलं, “तारुं श्रीमंत क्यारे छे?” मला वाटलं, तू श्रीमंत कधी होणार असं विचारतायत. म्हटलं, “यांचा पगार वाढला की!” बा बघतच राहिल्या. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंना हसू आवरेना. सीमंतोन्नयनातलं ते सीमंत, बोलता बोलता त्याचं श्रीमंत झालं. सातव्या महिन्यात खोळो भरतात, म्हणजे आपली ओटीच, आणि मग लेक माहेरी जाते. माझं तेव्हा दोन्ही झालं होतं. इथे बांच्या पुढाकाराने श्रीमंत, आणि साताऱ्याला डोहाळजेवण. फुलांची वाडी, धनुष्यबाण, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी, काही म्हणून राहिलं नव्हतं.

या वेळी सातवा सरला तरी कुणी चकार शब्द काढला नाही. एका संध्याकाळी खाली ओट्यावर सगळ्या जणी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असताना मीच जरा आडून विषय काढला. बा शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, “बीजी वखत श्रीमंत ना होय, बेटा.” दुसऱ्या खेपेला नसतं. आईला फोन केला तर तिचंही तेच. “अगं, दुसऱ्याला कोण करतं?” संपला विषय.

खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. साडीचं किंवा फुलांचं नाही. पहिल्या वेळी मी रोज रात्री उताणी पडून पोटावर हात ठेवायचे आणि लाथ कुठे बसते ते शोधत राहायचे. आता दिवसभर बाळ आतून ढुशा देत असतं आणि मी बाहेरच्याला म्हणत असते, “ते तोंडातलं काढ. आधी काढ. काय आहे ते?” डॉक्टरांनी विचारलं, हालचाल नीट जाणवते ना, तर मला खरंच आठवून बघावं लागलं. आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डाला इथे ममता कार्ड म्हणतात. माझं ते खेळण्यांच्या टोपलीत सापडलं, वजनाच्या रकान्यांवर जांभळ्या खडूच्या गिरगोट्यांसकट. नर्सबाईंनी त्या जांभळ्यातूनच वाट काढत आकडा लिहिला. मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र या वेळी दोनाऐवजी एकच पुरलं. दुसरेपणाचा एवढा एकच फायदा अजून रोख हातात पडलाय.

साखरेच्या तपासणीची गोष्ट सांगते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं, दोन तास तिथेच थांबायचं, मग रक्त द्यायचं. आकडा 140च्या खाली आला म्हणजे झालं. नवऱ्याची पहिली पाळी आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक लागलेला, त्यामुळे चिरंजीव बरोबर. मी पेला तोंडाला लावला मात्र, “मला शलबत!” म्हणून यांनी असा काही हात मारला की निम्मं ग्लुकोज माझ्या ओढणीवर, उरलेलं शेजारच्या काकांच्या पायजम्यावर. प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, आता पुन्हा दुसऱ्या दिवशी या. पुन्हा गेले. या वेळी बिस्किटं, खाखरे, दोन गाड्या आणि पिपाणी अशी शिदोरी नेली. पिपाणी उत्तरायणातली, म्हणजे इथल्या संक्रांतीतली. पतंग कापला की इथे गच्चीगच्चीवरून ‘काइप्यो छे!’चा गजर होतो आणि पिपाण्या वाजतात. महिना उलटून गेला तरी आमच्याकडे पतंग रोज कापला जातो. दोन तास त्या प्रतीक्षागृहातही कापला जात होता. आकडा 112 आला. माझा रक्तदाब त्या दिवशी कुणी मोजला नाही हे बरं झालं.

दुसरं येण्याआधी पहिल्याची लंगोटं सुटायला हवीत, असा माझा बेत होता. बेत चांगला होता, भाषा आडवी आली. आम्ही त्याला शिकवलं, “शू आली की सांगायचं.” आणि गुजरातीत ‘शुं’ म्हणजे ‘काय’. बा दिसल्या की विचारणार, “शुं करे छे, दीकरा?” भाजीवाला विचारणार, “शुं जोईए, बेन?” शेजारीण दारातून, “शुं थयुं?” पहिले दोन दिवस प्रत्येक शुंला चिरंजीव चड्डी खाली ओढून मोरीकडे पळत होते. माणूस किती वेळा जाईल? तिसऱ्या दिवशी त्यांनी या शब्दावरचा विश्वासच काढून घेतला. आता शू म्हटलं तरी बसल्या जागी आणि न म्हटलं तरी बसल्या जागी. आईने फोनवरून ‘सुसू म्हण’ असा तोडगा काढलाय. बघू.

चकलीचंही तेच झालंय. दिवाळीला आजीने फोनवर विचारलं, “चकली आवडली का रे?” हा गेला खिडकीशी आणि आकाशात बोट दाखवायला लागला. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. आणि नळालाही चकलीच म्हणतात, हे मला लग्नानंतर आठ महिन्यांनी प्लंबरकडून कळलं होतं.

बांनी आम्हाला घोडियुं दिलंय. हा आपला टांगता पाळणा नव्हे. जमिनीवर उभी चौकट, तिला अडकवलेली कापडी झोळी, म्हणजे खोयुं, आणि झोके द्यायला दोरी. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि पाय हलवत राहायचं. हात मोकळे, भाजी निवडा, कणीक मळा. यापेक्षा अकलेची वस्तू मी गुजरातेत पाहिली नाही. बांची तीन मुलं, पाच नातवंडं आणि आमचं रत्न त्यातच वाढलं. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आमच्या हॉलमध्ये होती. वीज नाही, फोन बंद, खाली गढूळ पाणी, आणि त्या पाण्यात मगरी असतात ही इथे थाप नसते. आठ महिन्यांचा आमचा आणि त्यांची दोन, अशी तिघं पाळीपाळीने त्या घोडियात झोपली. अंधारात कोण दोरी ओढतंय ते कळायचं नाही. कुणाचा तरी पाय चालू असायचा.

आता त्याने ते खाली करायला हवंय आणि तो करत नाही. गुडघे पोटाशी घेऊनही पाय बाहेर लोंबतात, पण दुपारी झोप तिथेच. सासूबाई म्हणतात, “राहू दे, बाळ आलं की आपोआप उतरेल.” मला नाही वाटत. मी हळूहळू दोरी कमी ओढते. तो एक डोळा उघडून बघतो. मी पुन्हा ओढते.

रविवारी नवरा आम्हाला कामाटी बागेत नेतो. सयाजीरावांनी 1879 साली लोकांसाठी केलेली बाग, आत प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय. संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे 70 फुटांचा सांगाडा आहे. चिरंजीव त्याच्याखाली उभे राहून म्हणाले, “मासा संपला.” कुणीतरी खाऊन संपवला असं त्यांचं म्हणणं. मी बाकावर बसून श्वास घेत होते. नवऱ्याने माहिती पुरवली, निळ्या देवमाशाची मादी दहा ते बारा महिने पिल्लू पोटात वागवते. म्हटलं, तिला निदान जिना नसतो.

जिन्याकडे यायचंच होतं. डॉक्टरांनी मुलाला उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. मुलगा बारा किलोचा आणि सातव्या पायरीवर रोज बसकण मारून म्हणतो, “कडेवल.” गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, राजगिऱ्याच्या वडीची लाच दिली. वडी खाऊन पुन्हा कडेवर. एकदा तर पंधरा मिनिटं आम्ही दोघं सातव्या पायरीवर बसून होतो, शेजारी पिशवीत दूध, आणि जाणारे-येणारे ‘शुं थयुं?’ विचारत होते. त्याचं काय झालं असेल ते सांगत नाही.

त्याच दिवसांत आमचा दुसरा अभ्यास चालू होता. “पोटात बाळ आहे. बाळ आलं की तू दादा होणार.” हे मी रोज सांगायचे. तो गंभीर होऊन ऐकायचा आणि म्हणायचा, “काठी?” मला वाटलं, मारणार की काय हा बाळाला! घाबरून सगळ्या काठ्या, छत्र्या, पतंगाच्या कामट्या माळ्यावर टाकल्या. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन निघाला, पाठ वाकवली आणि ते जमिनीवर टेकत टेकत हॉलभर फिरला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. इथे दादा म्हणजे आजोबा. आणि आमच्या इमारतीतले दादा म्हणजे बांचे यजमान; काठी, जाड चष्मा, सुपारीचा अडकित्ता. पोराची समजूत अशी की बाळ आलं की आपण म्हातारे होणार. आणि त्याची काही हरकत नव्हती, उलट काठी कधी मिळते याचीच घाई होती.

नवरा म्हणाला, त्याला ‘मोठा भाऊ’ शिकव, गोंधळ नको. मी नाही शिकवलं. कारण दादा रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून सहाच्या सुमाराला वर येतात, आणि ते कुणाच्या कडेवर बसत नाहीत. कठडा धरतात, एक पाय पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची. सव्वादोन वर्षांचं मूल अगदी तसंच चढतं. आता आम्ही बाजारातून परतायची वेळ सहाची धरलीय.

काल पुढे दादा, त्यांच्यामागे लाटणं घेऊन चिरंजीव, सर्वांत मागे पिशवी आणि पोट सांभाळत मी. सातवी पायरी गेली. मी काही बोलले नाही. पहिल्या मजल्याला दादा थांबले, काठी भिंतीला टेकवली, कमरेवर हात ठेवून म्हणाले, “हाश!” त्यांच्या दोन पायऱ्या खाली लाटणं भिंतीला टेकलं, इवलासा हात कमरेवर गेला. “हाश.”

मी पिशवी खाली ठेवली. अजून अठरा होत्या.