न आटलेली मांडी

"मॅडम, पोरगं रोज बैठका मारतंय, दूध-बदाम चालू हाय, आणि मांडी आटली म्हणताय?" वस्तादांनी आवाज चढवला नाही. रिपोर्ट फक्त माझ्यासमोर सरकवला.

पोरगं म्हणजे 21 वर्षांचा पैलवान, गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेलं. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने उतरतो, म्हणून फिजिओ त्याला मांडीच्या सोनोग्राफीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे पाठवतो. (मशीन तालमीत नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने ते नोंदणीच्या जागेला बांधलेलं, मग तपासायची पैलवानाची मांडी का असेना.) सहाव्या आठवड्यात रेक्टस फिमोरिसचं, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूतल्या एका भागाचं, आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 8.6 चौरस सेंटिमीटर होतं. चौथ्या महिन्यात आलं 6.8. फिजिओच्या टेपवर मात्र मांडीचा घेर सेंटिमीटरभर वाढलेला. मी त्याला फोनवर ऐकवलं, "टेप चरबीही मोजते, सोनोग्राफी नाही मोजत." चैत्रातल्या जत्रांच्या कुस्त्या तर नव्हत्याच, आता व्यायामही कमी करायचं ठरलं.

स्कॅन मी स्वतः करते आणि नीट करते. कमरेच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरून मधोमध पेनाची खूण. जेल भरपूर. मांडीवर टेकवायच्या प्रोबचं वजनसुद्धा तिच्यावर पडू द्यायचं नाही, दाबलं की स्नायू चपटा. एवढं करून चित्रावर स्नायूच्या कडेने रेघ मारून क्षेत्रफळ काढायचं काम मी सोडलं होतं प्रबंधासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यावर. तो चित्रं जेपीईजी करून पेनड्राइव्हवर नेतो आणि इमेजजेमध्ये मोजतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलंही आहे. पण जेपीईजीत मोजपट्टी नुसती चित्रात रंगवलेली असते. एक सेंटिमीटर म्हणजे किती पिक्सेल, हे आपणच सांगावं लागतं.

वस्ताद गेल्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली. कडेच्या खुणा मोजल्या. पहिल्यात सहा, दुसऱ्यात सात.

डेप्थ, म्हणजे चित्रात किती खोलवरचं दिसतं ते, मीच वाढवली होती. दुसऱ्या वेळी 6 सेंटिमीटरवर मांडीचं हाड चौकटीत येईना, म्हणून 7 केली. चित्राची उंची 600 पिक्सेल. म्हणजे आधी सेंटिमीटरला 100 पिक्सेल, आता 86. आणि इमेजजेच्या 'सेट स्केल'च्या खिडकीत खाली 'ग्लोबल' नावाचा एक बारीक चौकोन असतो. त्यावर टिक असली की एका चित्राची पट्टी उघडलेल्या सगळ्या चित्रांना लागते. विद्यार्थ्याने ती वेळ वाचवायला केलेली. लांबीत 14 टक्क्यांची चूक, पण क्षेत्रफळात दोनदा लागते, म्हणून 27 टक्के खाली. पट्टी दुरुस्त करून तीच रेघ पुन्हा मोजली: 9.2. हाड चौकटीबाहेर गेलं होतं ते मांडी भरली म्हणून, आणि त्यामुळेच ती आटलेली दिसली.

विद्यार्थ्यावर ओरडावंसं वाटलं. पण सही माझी होती.

खात्रीसाठी मशीनवरच मोजलं. तिथे पट्टीची भानगड नाही, डेप्थ मशीनला ठाऊक असते. आकडा आला 10.8! मशीनवर मी नेहमी लंबगोल टाकते, दोन क्लिकमध्ये होतो. लंबगोलाचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले जाडी गुणिले 0.785. हा स्नायू मात्र डोळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, त्याचं क्षेत्रफळ लांबी गुणिले जाडीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतं. टोकांपाशी स्नायू नसलेली जागाही आकड्यात जाते. मशीन विकणाऱ्यांनी कलर डॉपलरच्या डेमोत अख्खी दुपार घालवली होती. लंबगोलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुधारित रिपोर्ट दिला, फिजिओची माफी मागितली. वस्तादांनी तिन्ही आकडे ऐकून घेतले. "मग खरा कुठला?" मी म्हटलं, 9.2 त्यातल्या त्यात. ते 'त्यातल्या त्यात' त्यांना आवडलं नाही.

आता वर्षभराचे जुने रिपोर्ट काढून बसले आहे. कोणता आकडा मशीनवरचा, कोणता इमेजजेचा, एकावरही लिहिलेलं नाही. आठवणीने लावत चालले आहे. एका आजींना मी हसून सांगितलं होतं की पायात ताकद येतेय, स्नायू 15 टक्क्यांनी वाढलाय. त्यांचं पहिलं माप विद्यार्थ्याने रेघ मारून घेतलेलं. दुसरं मी, लंबगोल टाकून.