आमची वाटचाल: आधी फेरी, मग पाना

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचं छोटं गॅरेज आहे. मी, धाकटा भाऊ आणि हाताखाली दोन पोरं, हिशोब आणि पार्टच्या याद्या बायकोकडे. काम जुन्या गाड्यांचंच जास्त, सुमो, बोलेरो, ओमनी, एखादी कमांडर जीप. मी शिकलो मामाकडे, तो फिटर होता आणि जास्त बोलायचा नाही, गाडी आली की आधी कान लावायचा.

सुरुवातीला मला तेवढा धीर नव्हता. एक काका सुमो घेऊन आले, ऐन आंब्याचा सीझन, पेट्या घेऊन कराडला फेऱ्या चालू, आणि म्हणाले "साठच्या पुढे गेलं की मागून सुंऽऽ करून रडते रे". मी गाडी चालवून न बघताच गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंगं बदलली, तीन दिवस गाडी उभी. बाहेर काढली तर आवाज जसाच्या तसा! काकांचा सीझनमधला धंदा बुडाला तो बुडालाच. मामाला बोलावलं, तो बाजूला बसला आणि म्हणाला, अ‍ॅक्सिलरेटर दाब, आता सोड, परत दाब. दाबला की आवाज, सोडला की गायब. दोष मागे हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी पेटीत, तिथे ताकद चाकांकडे वळवणाऱ्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचे दात झिजलेले. मी मजुरी घेतली नाही, टाकलेल्या बेअरिंगचे पैसेही परत दिले, पण त्या तीन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून नियमच केला, गिऱ्हाइकाला सोबत घेऊन फेरी मारल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. बहादूरशेख नाक्यावरून कराड रोडने पिंपळीपर्यंत जायचं, सरळ रस्ता मिळतो आणि थोडा चढही. रस्ता गुळगुळीत झाला की आवाज बदलला तर टायर. मोकळ्या जागी हळूच डावीकडे वळवली आणि आवाज वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघायचं, कारण वजन त्या बाजूला जातं. उभ्या गाडीत न्यूट्रलवर आवाज आहे आणि क्लच दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय, उलट दाबल्यावरच येतो तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबताना त्याला ढकलणारं बेअरिंग. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुतेक चौथा गिअर डायरेक्ट असतो, ताकद खालच्या शाफ्टवरून न जाता सरळ मागे जाते, म्हणून बाकीच्या गिअरला रडणारी गाडी चौथ्यात गप्प झाली तर खालचा शाफ्ट बघायचा. हे सगळं अर्ध्या तासात आणि काहीही न खोलता कळतं.

मग 22 जुलै 2021 चा पूर आला. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, आमचा कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन सगळं पाण्याखाली गेलं, चिखल काढण्यातच कितीतरी दिवस गेले. नंतर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली आणि जो तो इंजिनाचंच विचारत होता, साहजिक आहे. इंजिन ऑइल बदललं, फिल्टर बदलले, स्टार्टर खोलून सुकवला, गाडी चालू झाली की माणूस डोळ्यात पाणी आणून घेऊन जायचा. मागच्या हाऊसिंगचं गिअर ऑइल मात्र आम्हीही सगळ्यांचं काढलं नाही, ही आमची चूक. ब्रीदरमधून (हवा जाण्याचं बारीक भोक) आणि जुन्या रबरी सीलमधून आत पाणी गेलेलं, दिवाळीच्या सुमाराला एकेक गाडी रडत परत यायला लागली. ड्रेन बोल्ट काढला की दुधाच्या चहासारखं ऑइल आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके. वेळेत आल्या त्यांचं बेअरिंग आणि सीलवर भागलं. उशिरा आल्या त्यांना क्राऊन आणि पिनियन दोन्ही नवी टाकावी लागली, कारण ती जोडीनेच घासून बसवलेली असतात, एकच बदललं तर नव्याने रडते. दात नीट टेकतात का ते कळायला निळा रंग लावून दातावरचा डाग बघत, शिम म्हणजे पातळ चकत्या घालत काढत एका गाडीला दीड दीड दिवस जायचा. भावाचा हात त्यातच बसला, आता ते काम तोच करतो आणि माझ्यापेक्षा चांगलं करतो.

त्या कामानेच आम्हाला परत उभं केलं. गुहागर, दापोलीकडून गाड्या यायला लागल्या, किनाऱ्यावर वाळूत घातलेल्या, खारं पाणी प्यायलेल्या. त्यांचं ऑइल आम्ही त्याच दिवशी काढायला सांगतो, मिठाचं पाणी बेअरिंग खायला वेळ लावत नाही.

तुमची गाडी रडत असेल तर येण्याआधी जाड 140 नंबरचं गिअर ऑइल कोणाला भरू देऊ नका, आवाज थोडे दिवस दबतो आणि आम्हाला कान लावून काही कळत नाही. आणि रिकामी आणू नका, रोज जेवढा माल भरता तेवढा भरून आणा, लोडवरच ती खरं बोलते.