आधी गु.र.नं., मग नाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीत एक सदनिका भाड्याने जायची होती. भाडेकरू ठरला होता, अनामत रक्कमही मिळाली होती, आणि कराराच्या नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी समितीचे एक सदस्य छापून आणलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावर ‘स्टेट ऑफ महाराष्ट्र विरुद्ध’ असे असून पुढे आमच्या होऊ घातलेल्या भाडेकरूचे नाव आणि पाटील हे आडनाव होते. खाली भारतीय दंड संहितेची ३२४, ५०४ आणि ५०६ ही कलमे होती, वर्ष २०१७ होते. “तुम्ही कोर्टातल्या आहात, तुम्हीच बघा,” असे ते म्हणाले. मी कोर्टातली नव्हे. कल्याणच्या एका वकिलांच्या कार्यालयात मी २२ वर्षे टंकलेखन केले, तारखांची डायरी सांभाळली आणि नकलेच्या अर्जांसाठी रांगा लावल्या, एवढेच. पण त्या कागदाने मला नंतरचे दोन आठवडे कामाला लावले, आणि अटक, कोठडी, खटला यांच्या नोंदी आपल्या उपनगरात नेमक्या कुठे असतात हे एकदा नीट लिहून ठेवावे असे तेव्हाच वाटले.

सदस्यांनी केले होते ते सगळेच करतात. ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, ठाणे जिल्हा, कल्याण न्यायालय असे निवडून त्यांनी पक्षकाराच्या रकान्यात नाव घातले होते. हा शोध नावाची निदान तीन अक्षरे आणि वर्ष मागतो, आणि मग त्या अक्षरांशी जुळणारे सगळे समोर मांडतो. कल्याण-डोंबिवलीत आणि भोवतालच्या २७ गावांत पाटील आडनावाची किती घरे आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय नावे इंग्रजी लिपीत नोंदवलेली असतात, त्यामुळे एकच चौधरी तीन प्रकारच्या स्पेलिंगने सापडतो किंवा सापडत नाही, आणि वडिलांचे नाव कारकुनाने घातले असेल तरच दिसते. त्या छापील कागदावर ते नव्हते. आमच्या कार्यालयात वकीलसाहेबांचा दंडक होता की कोणीही पक्षकार आला तर आधी गु.र.नं. विचारायचा, मग नाव. पोलीस ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरातील तो क्रमांक आणि वर्ष हातात असले की माणूस चुकत नाही; नुसत्या नावावर तो हमखास चुकतो.

गु.र.नं. हवा तर पोलीस ठाणे माहीत हवे, आणि आपल्याकडे खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. (पोलीस ‘ठाणे’ आणि ‘ठाणे’ जिल्हा यांनी घातलेला गोंधळ वेगळाच, फोनवर “कुठले ठाणे?” हा प्रश्न मी हजारदा विचारला असेन.) डोंबिवलीतले मानपाडा, टिळकनगर किंवा पश्चिमेचे विष्णुनगर ही पोलीस ठाणी ठाणे शहर आयुक्तालयात येतात. पण फलाटावर किंवा लोकलच्या डब्यात मोबाइल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जातो, आणि त्यांचे आयुक्तालय मुंबई लोहमार्ग हे वेगळे आहे. टिटवाळ्याकडे गेलात की कल्याण तालुका पोलीस ठाणे ठाणे ग्रामीणमध्ये मोडते. वाशी आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात असूनही नवी मुंबई आयुक्तालयाखाली आहेत. मीरा रोड तर २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत ठाणे ग्रामीणमध्ये होते आणि मग मीरा-भाईंदर, वसई-विरार असे नवे आयुक्तालय झाले, म्हणजे तिथला २०१८ चा गुन्हा आणि २०२२ चा गुन्हा दोन वेगळ्या पोलीस घटकांच्या नावाखाली नोंदलेला असतो. ‘काही सापडले नाही’ असे सांगत आलेल्या माणसाने बहुधा चुकीच्या घटकात शोधलेले असते.

पोलीस ठाणे कळल्यावर प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत तो संकेतस्थळावर चढवावा. इंटरनेटची अडचण असेल तर ४८ तास, आणि दुर्गम भाग असेल तर फार तर ७२ तास. हा आदेश त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीचे गुन्हे घरबसल्या शोधण्यात वेळ घालवू नये, त्यासाठी पोलीस ठाण्याचा किंवा कोर्टाचा जिना चढणेच भाग आहे. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरील अत्याचारांचे पॉक्सोखालील गुन्हे, दहशतवाद यांसारखे संवेदनशील एफआयआर त्यातून वगळले आहेत, आणि ते योग्यच आहे. वगळण्याचा निर्णय पोलीस उपअधीक्षकाच्या किंवा समकक्ष दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, असेही त्या आदेशात आहे. अदखलपात्र तक्रार, जिला बोलीभाषेत सगळे एनसी म्हणतात, ती एफआयआरच नसल्यामुळे तिथे नसतेच. जिन्यात चपला कुठे ठेवायच्या यावरून झालेली भांडणे बहुतेक एनसीतच संपतात.

एफआयआर उघडून वाचणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती अशी की त्यात आरोपीच्या रकान्यात नाव असणे म्हणजे अटक नव्हे. कित्येक एफआयआरमध्ये तो रकाना ‘अज्ञात इसम’ एवढ्यावरच असतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उगाच अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले, आणि त्यानंतर मारामारीच्या, शिवीगाळीच्या, घरगुती छळाच्या शेकडो प्रकरणांत आरोपी कोठडीचा दरवाजा न पाहताच दोषारोपपत्रापर्यंत पोचतो. उलटही होते. रात्री उचलून नेलेला मुलगा प्रतिबंधक कारवाईत धरलेला असतो, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५१ आणि आताचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७०. त्याची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड घेण्याची कारवाई, आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते आणि कोर्टाच्या संगणकात त्याचा मागमूस नसतो. तडीपारीचेही तसेच, तो आदेश पोलीस उपायुक्त काढतात. म्हणून ई-कोर्ट्सवर नाव नाही यावरून माणूस निष्कलंक ठरवणे आणि नाव आहे यावरून गुन्हेगार ठरवणे, या दोन्हींत सारखीच घाई आहे.

अटकेची नोंद लोकांना पाहता यावी असे कायद्यातच आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने पोलीस नियंत्रण कक्षात अटक झालेल्यांच्या माहितीचा फलक लावण्याची सक्ती केली, पुढे ती फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-सी म्हणून आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या एका अधिकाऱ्यावर अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे प्रदर्शित करण्याची जबाबदारी आहे, आणि ते डिजिटल पद्धतीनेही करता येते. घरचा माणूस रात्री परतला नाही तर नातेवाइकांनी ठाणे अंमलदाराला या कलमाचे नाव घेऊन शांतपणे विचारावे. एका पोलीस ठाण्यात मी स्वतः हा फलक शोधला तेव्हा तो पाण्याच्या कूलरच्या मागे होता आणि त्यावर हेल्मेटसक्तीचे पोस्टर चिकटवलेले होते. हवालदारांनी मात्र विचारल्यावर वही उघडून दाखवली, हेही सांगितले पाहिजे.

अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. रविवार असेल तर सुट्टीच्या न्यायालयात. तिथून पोलीस कोठडी किंवा न्यायालयीन कोठडी, आणि न्यायालयीन कोठडी मिळाली की कल्याण-डोंबिवलीचा माणूस बहुधा आधारवाडीच्या कारागृहात जातो. तुरुंगाच्या आवकजावकीची वही कोणाही त्रयस्थाला चाळायला मिळत नाही, आणि मला विचाराल तर मिळूही नये, कारण आत असलेल्यांतले बहुसंख्य कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, कैदी असतात. नातेवाइकांनी कैद्याच्या भेटीसाठी ई-मुलाकात या संकेतस्थळावर नोंदणी करावी, वकीलपत्रावर सही हवी असेल तर वकिलांमार्फत जावे.

कोर्टाच्या नोंदीकडे वळायचे तर ई-कोर्ट्सवर नावाशेजारीच एफआयआर क्रमांकाने शोधण्याची सोय आहे, तीच वापरावी. पोलीस ठाणे निवडायचे, क्रमांक आणि वर्ष घालायचे, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्ही पाहायचे. बरेच जण प्रलंबित पाहून थांबतात आणि निकाल त्यांना दिसतच नाही. गुन्हा ताजा असेल तर बहुधा फक्त जामीन अर्ज सापडतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावरच त्याला आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटल्याचा क्रमांक पडतो, आणि सत्र न्यायालयाकडे गेला की तो क्रमांकही बदलतो. एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला असे दिसले तर दचकू नये, त्यातले पुष्कळसे खटले न वटलेल्या धनादेशांचे असतात. प्रत्येक प्रकरणाचा १६ अंकाक्षरांचा सीएनआर, म्हणजे त्याचा स्वतंत्र नोंद क्रमांक, मात्र वहीत उतरवून ठेवावा. ठाणे जिल्ह्यातला सीएनआर एमएचटीएच या अक्षरांनी सुरू होतो, शेवटचे चार अंक वर्षाचे असतात, आणि तो एकदा मिळाला की नावाच्या स्पेलिंगशी झगडावे लागत नाही.

दोषारोपपत्र संकेतस्थळावर शोधू नये. ते सार्वजनिक करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेत फेटाळली. प्रमाणित नक्कल हवी असेल तर त्रयस्थाने कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यायची, आणि माहिती अधिकाराचा अर्ज करून तो वळसा टाळता येत नाही.

आता आमच्या पाटलांकडे येते. सदस्यांच्या कागदावर प्रकरणाचा क्रमांक होता, त्यावरून मी ते पान पुन्हा उघडले आणि एफआयआरचा तपशील पाहिला. पोलीस ठाणे शीळ रस्त्याकडचे होते. गु.र.नं. घेऊन नागरिक पोर्टलवर गेले, दोनदा कॅप्चा चुकला, तिसऱ्यांदा पीडीएफ उतरली. आरोपीच्या रकान्यात वडिलांचे नाव होते, वय २४ होते आणि पत्ता एका गावचा होता. आमचा भाडेकरू तेव्हा छत्तीसचा असणार, तो मूळचा जळगावकडचा लेवा पाटील, आणि त्याच्या आधार कार्डावरचे वडिलांचे नाव वेगळे. गावकीच्या भांडणातला हा दुसराच कोणी होता. मग कुतूहल म्हणून प्रकरणाचा इतिहास खालपर्यंत वाचला. एकूण ३१ तारखा पडल्या होत्या, मधली दोन वर्षे जवळजवळ कोरी होती, आणि सगळ्यात शेवटी, जिथे छापील कागद संपत होता त्याच्याही खाली, निकालाचे स्वरूप लिहिले होते: कन्टेस्टेड, ॲक्विटेड. म्हणजे ज्याचे नाव होते तोही निर्दोष सुटला होता. सदस्यांनी पहिलेच पान छापले होते.

मी दोन्ही पाने घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचले, चहा विचारला, आणि मग म्हणाले की मालकाने परवाच दुसऱ्या कुटुंबाला किल्ली दिली आहे. समितीच्या इतिवृत्तात तेवढ्यात ‘पोलीस प्रकरण असल्याने भाडेकरूस नकार’ असे वाक्य लिहून झाले होते आणि मागे तो कागद टाचलेला होता. पुढच्या सभेत ते वाक्य दुरुस्त करून घेतले. जळगावच्या गृहस्थांना मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतले, ठाकुर्लीत जागा मिळाल्याचे सांगितले, आणि विचारले की तो कागद आणखी कोणाकोणाला व्हॉट्सॲपवर गेला आहे. ते मला सांगता आले नाही. फाइलमधल्या कागदामागे मी निकालाचे पान आणि एफआयआरचा वडिलांच्या नावाचा रकाना असलेले पान जोडले, आणि दोन्हींवर गु.र.नं. लाल शाईने लिहिला.