गाऊनची खरेदी
लेकीच्या शाळेतल्या नृत्यसमारंभासाठी आज गाऊन घ्यायला गेलो आणि इतकी वर्षे आपण लेबलावरचे शब्द नुसतेच वाचत होतो, हे माझ्या लक्षात आले. ‘ए-लाइन’ म्हणजे खाली हळूहळू पसरत जाणारा घेर. हे नाव फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओर यांच्या १९५५ च्या कपड्यांच्या संग्रहामुळे रूढ झाले. ‘एम्पायर’मध्ये कमरेची शिवण थेट छातीखाली येते. ‘मर्मेड’ मात्र गुडघ्यापर्यंत अंगाला घट्ट बसतो. आरशात तो तिला फारच आवडला, पण मी तिथेच गिरकी घ्यायला लावली, तेव्हा पाऊल वीतभरही पुढे पडेना. (हसू मी कसेबसे आवरले.) शेवटी ए-लाइनच घेतला. तो दोन बोटे लांब आहे, परंतु त्या दिवशीच्या उंच टाचांच्या चपला घालून पाहिल्याशिवाय खालची पट्टी दुमडायची नाही, असे ठरले आहे.