लेकीची मेटी नोंदणी

माझे माहेर साताऱ्याचे, सासर कॅनडातल्या विनिपेगचे. नवऱ्याचे घराणे मेटी, म्हणजे फर व्यापारातले युरोपीय पुरुष आणि क्री, ओजिब्वे अशा मूलनिवासी स्त्रिया यांच्या संसारांतून रेड नदीकाठी उभ्या राहिलेल्या स्वतंत्र समाजाचे. लेकीला अठरावे लागले आणि मॅनिटोबातल्या मेटींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या मॅनिटोबा मेटी फेडरेशनच्या नागरिकत्वासाठी तिने अर्ज करायचे ठरवले, तेव्हा कागदपत्रांची जबाबदारी मी घेतली.

स्वतःला मेटी मानणे, ऐतिहासिक मेटी समाजाशी रक्ताचे नाते दाखवणे आणि आजच्या समाजाने आपल्याला स्वीकारणे या तिन्ही गोष्टी लागतात. पॉवली नावाच्या मेटींच्या शिकारीच्या खटल्यात २००३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेटींचे हक्क ठरवतानाही हेच निकष लावले होते. आमचे घोडे अडले ते वंशावळीत. आजेसासऱ्यांच्या जन्मदाखल्यात फ्रेंच आडनाव कुण्या कारकुनाने इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिल्यामुळे एक पिढी जुळेना आणि त्यात चार महिने गेले. शेवटी सेंट नॉर्बर्ट पॅरिशमधले १८७५ सालचे एक प्रतिज्ञापत्र हाती आले. खाली सही नव्हती, शाईची एक फुली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना लेखनिकाने नाव लिहिले होते. आमच्या जुन्या खरेदीखतावरचा पणजोबांचा अंगठा आठवून मी बराच वेळ त्या फुलीकडे पाहत राहिले. अशी प्रतिज्ञापत्रे जमिनीच्या हक्कासाठी दिली जात; मेटी मुलांसाठी कॅनडाच्या १८७० च्या कायद्याने १४ लाख एकर जमीन राखून ठेवली होती. ते वचन सरकारने नीट पाळले नाही, हे न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले.

त्यानंतर लोकल, म्हणजे फेडरेशनची स्थानिक शाखा, निवडायची होती. किमान नऊ सदस्यांची लोकल हा फेडरेशनचा पाया, तिच्यावर सात विभाग आणि त्यावर मध्यवर्ती मंडळ. आमच्या घराजवळची लोकल सोयीची होती, पण लेक आजीच्या गावच्या लोकलच्या बैठकीलाही जाऊन आली. तिथे एका वृद्ध बाईंनी तिला पहिला प्रश्न विचारला तो “तू कुणाची नात?” हा, आणि उत्तर ऐकताच शेजारची खुर्ची ओढून दिली. समाजाने स्वीकारणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. तिने तीच लोकल निवडली.

त्याच बैठकीत मेटी नॅशनल कौन्सिलचा विषय निघाला. ओंटारिओतील काही समुदायांना मेटी मानण्यावरून झालेल्या वादात फेडरेशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्या राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडले. २०२४ मध्ये सस्कॅचेवान आणि ब्रिटिश कोलंबियाच्या संघटनांनीही तिची साथ सोडली. ओंटारिओतल्या ज्या कुटुंबांची ओळख या वादात पणाला लागली, त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तरीही आपले कोण, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या समाजाचाच असला पाहिजे आणि वर कुणाशी जोडून घ्यायचे हेही गावच्या बैठकीत बोलले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी मेटी नाही, म्हणून तिथे गप्प बसून ऐकत होते. लेक मात्र बोलली, आणि पुढच्या निवडणुकीत तिचे मतही असेल.