निखाऱ्यांवरची न्याहारी

वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावरील एका चिंतनगृहात मी समन्वयकाचे काम करते. शिबिरार्थींच्या राहण्याजेवणाची व्यवस्था पाहणे, सत्रांचे वेळापत्रक सांभाळणे आणि शेवटी अहवाल लिहिणे एवढी माझी जबाबदारी. मी हिंदू घरातली असल्यामुळे ख्रिस्ती धर्माबद्दल मला जे कळते, ते बहुतेक या सभागृहात सतरंज्या घालता घालता कानावर पडलेले आहे. ईस्टरचा, म्हणजे क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठला त्या रविवारच्या सणाचा, गाभा समजून घेण्यासाठी भरवलेले सर्वधर्मीय शिबिर आम्ही मुद्दाम ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठेवले होते. कारण गुरुवारचा पाय धुण्याचा विधी, शुक्रवारची क्रुसाची वाट आणि शनिवारी रात्री पेटवायचा नवा अग्नी, या सगळ्यांत फादरांना आणि सिस्टरांना पवित्र सप्ताहात श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

पहिली संध्याकाळ गोडगोड बोलण्यात गेली. वसंत, पालवी, मातीत गाडलेले बी, असे सगळे येऊन गेले आणि ‘सर्व धर्मांचे सांगणे शेवटी एकच’ हे वाक्य उच्चारले गेल्यावर सत्र वेळेआधीच आटोपले. हे वाक्य आले की नेहमी असेच होते. सगळे एकच असेल, तर एकमेकांना विचारायचे काय उरते? कुडाळकडचे एक कीर्तनकार बुवा तेवढे पंचांग काढून बसले होते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, हा हिशेब कळल्यावर त्यांनी ताडून पाहिले की हा सण कधी होळीपौर्णिमेनंतर येतो, तर कधी चैत्र पौर्णिमेनंतर. (चर्चची पौर्णिमा ठरावीक कोष्टकावरून काढतात, आकाशात पाहून नव्हे, हे फादरांनी सांगितल्यावर बुवा जरा हिरमुसले.)

दुसऱ्या दिवशी पहाटे रापण होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडलेले होते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची होती. आमची मंडळी पाहायला म्हणून गेली आणि पाहता पाहता दोरीला लागली. बुवांनी धोतर खोचले. रत्नागिरीचे निवृत्त मुसलमान शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते मागे मागे सरकत तालात ओढत होते. मंडणगडकडून आलेल्या बौद्ध परिचारिका बाईंचे हात काथ्याने सोलवटले, तरी त्यांनी दोरी सोडली नाही. जाळ्यात मासळी बेताचीच निघाली. थोडे बांगडे, बाकी तारली. पर्ससीनची मोठी घेरजाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी किनाऱ्याला काही येऊच देत नाहीत, अशी तक्रार तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, केली. ती इथे प्रत्येक रापणीला ऐकू येते आणि ती निराधार नाही.

आमच्या वाट्याला आलेले बांगडे स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिथेच करवंट्यांच्या निखाऱ्यांवर ठेवले, वर नुसते मीठ आणि थोडे कोकमाचे आगळ. मासे भाजत असताना सिस्टरांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचला. येशूचे सात शिष्य रात्रभर जाळे टाकतात आणि काही मिळत नाही. पहाटे किनाऱ्यावरचा एक अनोळखी माणूस, तो उठलेला येशूच असतो, उजव्या बाजूला जाळे टाकायला सांगतो. जाळे भरते, पण फाटत नाही, आणि त्यात मोठे १५३ मासे निघतात. शिष्य किनाऱ्यावर येतात, तर तिथे निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर आधीच तयार असते.

या १५३ आकड्यावर विद्वानांनी पुष्कळ डोके चालवले आहे. एक ते सतरा या आकड्यांची बेरीज १५३ होते, असे संत ऑगस्टीन यांनी दाखवले होते, हे फादर सांगत होते. तांडेल जाळे झटकत ऐकत होता. तो म्हणाला, “मोजल्याशिवाय वाटे कशे घालतले?” फादर हसले आणि पुढचे स्पष्टीकरण त्यांनी सोडून दिले. मावशींची शंका निराळी होती. त्याच्यापाशी मासे भाजून तयार होते, तर ‘तुम्ही धरलेल्यांतले थोडे आणा’ असे त्याने कशाला सांगितले? यावर कोणी काही बोलले नाही. पण नंतर दिवसभर ही शंका कोणी ना कोणी काढत राहिले.

दुपारच्या सत्रात सरांनी प्रथमच तोंड उघडले. “फादर, तुमच्याबरोबर मासा खाल्ला, पण तुमचा शुक्रवार मला मान्य नाही.” कुराणातल्या सूरा निसाचा आधार देऊन त्यांनी शांतपणे सांगितले की हजरत ईसांना, म्हणजे येशूला, कोणी मारले नाही, सुळावरही चढवले नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. मी अशा वेळी चहा लवकर मागवते. पण फादरांनी हाताने मला थांबवले आणि म्हणाले, “बरे झाले बोललात. मरणच नसेल, तर आमचा रविवार उभाच राहत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहून ठेवले आहे. इथे आपले जुळत नाही.”

त्यानंतर बोलणे खरे सुरू झाले. बुवा म्हणाले की माउलींनी १२९६ मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली, त्यांना परत येण्याचे कारणच नाही, कारण ते गेलेलेच नाहीत. फादरांनी हेही सारखे मानले नाही. येशू खरोखर मेला आणि उठला तो जखमा घेऊनच, शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने त्याच दाखवल्या, हे त्यांचे म्हणणे. तेव्हा परिचारिका बाईंनी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या आईला तथागतांनी, जिथे कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवले. मूल उठवले नाही. “वॉर्डात एखाद्या आईपाशी मी बसते, तेव्हा मला हीच गोष्ट पुरते,” त्या म्हणाल्या. “पण उठलेल्या देहावर जखमा का राहिल्या, ते मला सांगा. आमच्याकडे जखम भरली नाही तर उपचार फसला म्हणतात.”

फादर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बोट दाखवले. मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीशी ऊब घेत पेत्राने तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटले होते, आणि इथे निखाऱ्यांपाशीच न्याहारीनंतर येशू त्याला तीनदा विचारतो, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ झालेले पुसायचे नाही, त्याच जागी पुन्हा बसवून माणसाला काम सोपवायचे, असा अर्थ फादरांनी लावला. बाईंनी मान हलवली, पण पटले असे काही म्हटले नाही. सर म्हणाले, “न्याहारी मला कळली.” चहा तासभर उशिरा झाला.

अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात पहिलेच वाक्य ‘सर्व धर्मांचे सार एकच आहे, असे सहभागींनी एकमुखाने सांगितले’ असे छापलेले असते. मसुदा वाचताना बुवांनी त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, हे माझ्या नावावर नको.” मी ते काढले आणि कोण काय म्हणाले ते ज्याच्या त्याच्याकडून तपासून लिहिले, सरांनी आपल्या परिच्छेदात आयतीचा क्रमांक, १५७, स्वतःच्या हाताने घातला. तांडेलाचे वाक्यही मी त्यात ठेवले आहे. संस्थेच्या कार्यालयाने आता सारांश एका पानात मागितला आहे.