रिंगी पास व्हायच्या आधी

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची गळती पाण्याच्या टाकीत तपासायचे. आत हवा भरायची, भाग बुडवायचा आणि बुडबुडे येतात का ते ऑपरेटरने बघायचं. रात्रपाळी संपत आली की त्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवणार? म्हणून हवेचा दाब किती उतरतो ते मोजणारं मशीन घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही इथल्यांनी ठरवलं. कंपनी जपानी, मुख्य कचेरी नागोयाकडे, आणि एवढ्या रकमेच्या खरेदीला रिंगी लागते.

रिंगी हा खालच्या माणसाने लिहिलेला प्रस्ताव. तो एकेक पायरी वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर शिक्का पडतो. कोरोनाच्या काळात नुसता शिक्का मारायला लोकांना ऑफिसात जावं लागतं यावर जपानात बरीच टीका झाली होती. 2020 मध्ये मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामातले बहुतेक शिक्के काढायला लावले. आमच्याकडेही कागद जाऊन सॉफ्टवेअर आलं, पण सह्यांचा क्रम होता तसाच राहिला.

याआधी मी भोसरीत एका मालकाच्या कंपनीत होतो. तिथे केबिनमध्ये जायचं, दोन वाक्यांत सांगायचं. "घे, पण दहा टक्के कमी करून आण," म्हणाले की झालं. पुढे मशीन दारात येऊन पडायचं आणि मग कळायचं, की फाउंडेशन नाही, विजेचा लोड पुरत नाही, आणि मेंटेनन्सला कुणी विचारलेलंच नाही.

इथे आमच्या जपानी सल्लागारांनी (त्यांना प्लांटभर सगळे नुसतं 'सान' म्हणतात) पहिल्याच दिवशी सांगितलं, की रिंगी इतक्यात सिस्टीममध्ये टाकू नका. आधी क्वालिटी, मेंटेनन्स, परचेस आणि नागोयाची प्रॉडक्शन इंजिनिअरिंग टीम, प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. आपण जेवून जागेवर येईपर्यंत तिकडे संध्याकाळ. त्यात एप्रिल संपताना त्यांचा गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्यांचा आठवडा, लागला.

नागोयाहून पहिला प्रश्न आला तो पैशांचा नव्हता. मे महिन्यात तुमच्या शॉपफ्लोअरचं तापमान किती असतं? मला आधी वाटलं, खोडा घालताहेत. पण प्रश्न मर्मावर होता. आमचा भाग वॉशिंग मशीनमधून गरम बाहेर येतो. तो तसाच तपासायला लावला तर तापमान बदलतं तसा आतल्या हवेचा दाबही बदलतो, आणि गळती नसलेला भाग नापास होऊ शकतो. मग भाग थंड होण्यासाठी मध्ये कन्व्हेयर आला, रोज सकाळी ठरावीक गळतीच्या मास्टरने (गळती आधीच माहीत असलेल्या नमुन्याने) मशीन तपासायचं कलम आलं, आणि किंमत वाढली. वाढलेल्या किमतीवर मात्र कुणी हूं की चूं केलं नाही.

अडचण आपल्या बाजूनेही होती. सेन्सर बिघडला तर लाइन किती वेळ बंद राहील, असं सानने विचारलं. मेंटेनन्सचा सुपरवायझर उत्साहात म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सान." सानने ते तारखेसह वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत तेच पान उघडून सुट्या भागांची यादी मागितली. तेव्हापासून मी आमच्या पोरांना सांगत आलोय, "बघून सांगतो" म्हणा.

देशोदेशींच्या कामाच्या संस्कृतींची तुलना करणारे डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड यांच्या अभ्यासात अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकात जपानला 92 आणि भारताला 40 गुण आहेत. सत्तेतलं अंतर मान्य करण्यात भारत 77, जपान 54. एचआरच्या ट्रेनिंगमध्ये हे आकडे हमखास दाखवतात. पण ते 1967 ते 1973 दरम्यान एकट्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांना विचारून काढलेले, म्हणून मी ते जपूनच वापरतो. वही उघडणारे सान बघितले, की 92 पटतो एवढं खरं.

सगळं आधीच एकेकाशी बोलून ठरलेलं असतं, म्हणून औपचारिक मीटिंगमध्ये कुणी काही विचारायचं नसतं, हे आमच्या फायनान्सच्या नव्या साहेबांना ठाऊक नव्हतं. घसारा कोणत्या वर्षात धरलाय, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. रास्त प्रश्न. पण खोलीत शांतता पसरली, विषय पुढच्या महिन्यावर गेला. दरम्यान त्यांच्याबरोबर बसून ती ओळ रिंगीत घातली. पुढच्या मीटिंगमध्ये विषय चहा यायच्या आत संपला.

मंजुरीनंतर सगळं झपाट्याने झालं. मशीन आलं तेव्हा फाउंडेशन तयार, केबल ओढलेली, ऑपरेटर शिकलेले. भोसरीत हे मी कधी पाहिलं नव्हतं. तरी या पद्धतीचं सरसकट कौतुक माझ्याच्याने होत नाही. इतके शिक्के असले की उद्या काही फसलं तर जाब कुणाला विचारायचा ते कळत नाही, आणि माझ्या मते शिक्क्यांचा निम्मा उपयोग तोच आहे. ज्या तरुण इंजिनिअरच्या नावावर ही रिंगी होती, तो मशीन यायच्या आधीच नोकरी सोडून गेला. एका मशीनसाठी एवढा काळ थांबणं त्याला झेपलं नाही. भोसरीत त्याचं नाव कागदावर आलंच नसतं, हेही मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "सर, पण मशीन आलं असतं."